खापर-ब्राह्मणपुरी फायनलचा चौथा गोल आणि माझा तिसरा हिस्सा

मी, शेख गफूर शेख चाँद, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा भांड्यांवर नावं टाकणे, राहणार भांडी गल्ली, शहादा, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं शाबूत आहे. हृदयाचा मात्र भरवसा नाही. ते सुरतचे डॉक्टर येत्या शुक्रवारी उघडून बघणार आहेत, म्हणून ही घाई. कोणी धाक दाखवून, फूस लावून किंवा गोड खाऊ घालून हे माझ्याकडून लिहून घेतलेलं नाही. गोड तर रजियाने चार वर्षांपासून बंदच केलं आहे. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे जुनं रद्द वगैरे करण्याचा प्रश्न येत नाही.

कलम १. हेमकांत वकिलांनी समजावून सांगितलं, की आमच्या शरियतप्रमाणे माणसाला आपल्या मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता येतं. बाकी सगळं वारसांचं. तेव्हा राहतं घर आणि बँकेत जे काही आहे ते माझी बायको रजिया, मुलगा तौफिक आणि मुलगी महजबीन यांना आपापल्या हिश्श्याने मिळेल, त्यात मी नाक खुपसत नाही. मी वकिलांना विचारलं, भांडणांचं काय? ती पूर्ण माझ्या मालकीची, की त्यांनाही तिसरा हिस्सा लागू? वकील हसले नाहीत. अजून तरुण आहेत.

कलम २. दुकान, नाव टाकायचं मशिन, छिन्न्या, हातोडी आणि तिपाई मी महजबीनला हयातीतच देऊन टाकली आहेत, इथे फक्त नोंद करतो. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मी तिच्या तोंडावर कधीच बोललो नाही. आता सही-शिक्क्यानिशी बोलतो. तौफिकला माझा रेफ्रीचा काळा शर्ट. तो मला पोटावर बसत नाही, त्यालाही बसणार नाही, पण त्या निमित्ताने त्याने आरशात बघावं.

कलम ३. माझ्या कपाटात, रजईच्या मागे, एक कप आहे. तो माझा नाही, पण माझ्याकडे आहे, आणि या मृत्युपत्राचं खरं कारण तोच आहे. तेव्हा त्याची हकिगत सविस्तर देतो.

तापीकाठ क्रीडा मंडळाने सन १९७१ मध्ये फुटबॉलची बाद पद्धतीची स्पर्धा सुरू केली. मंडळाचे सेक्रेटरी फत्तेसिंगभाऊ सुरतच्या जुन्या बाजारातून कप घेऊन आले. कप ऐटदार होता, पण कमरेवर गुजरातीत कोरलं होतं: श्रेष्ठ रिंगणां, प्रथम इनाम. म्हणजे कोणा बागायतदाराने वांग्यांसाठी मिळवलेला. भाऊंनी तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "गफूर, ह्या वांगा काढी टाक." मी दोन दिवस घासून वांगी काढली. पण त्या नादात पत्रा इतका पातळ झाला, की कप उन्हात धरला तर आतून उजेड दिसतो. ही गोष्ट वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावी. पुढे लागणार आहे.

पहिली तीन वर्षं आपल्याच गावांच्या टीम होत्या. म्हसावदची पोरं अनवाणी खेळायची आणि बूटवाल्यांना रडवायची. १९७४ साली गुजरातेतून निझरची टीम आली, मध्य प्रदेशातून सेंधव्याची आली. नाव टाकायला कप हातात घेतला तेव्हा वरच्या पट्टीत बरीच जागा मोकळी दिसली. तीन राज्यं म्हणजे अखिल भारत नाही तर काय, असं म्हणून मी तिथे 'अखिल भारतीय' कोरून दिलं. कोणी सांगितलं नव्हतं. फत्तेसिंगभाऊंनी ते वाचलं, थोडा वेळ कप फिरवत राहिले आणि पुढच्या वर्षीची पत्रकं तशीच छापून घेतली. अशा रीतीने आमची स्पर्धा राष्ट्रीय झाली. दिल्लीत हे अजून कोणाला ठाऊक नसावं.

पत्रकं लांब लांब गेली. एका वर्षी थेट खरगपूरहून टीम आली. नंदुरबार स्टेशनावर ट्रंका घेऊन उतरले आणि स्टेडियम कुठे म्हणून विचारू लागले. त्यांना ट्रॅक्टरमधून शहाद्याला आणलं. काळ्या मातीच्या भेगांत त्यांचा बॉल अडकायचा, आमचा अडकत नसे, कारण आम्हाला भेगा पाठ होत्या. म्हसावदकडून पहिल्याच फेरीत हरले. बाद पद्धत म्हणजे हरला की घरी. पण त्यांची परतीची गाडी पाच दिवसांनंतरची होती, म्हणून बिचारे फायनलपर्यंत थांबून दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवत राहिले.

आमच्या स्पर्धेची एक रीत होती, आणि ती मीच पाडली. सामना संपल्यावर जिंकणाऱ्याच्या हातात कप जायचा तो त्याच्या गावाचं नाव कोरूनच. कोणाला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवायचं नाही. मी फायनलचा रेफ्रीही असे आणि नाव टाकणाराही. शेवटची शिट्टी वाजवून मी तडक मैदानालगतच्या पिठाच्या गिरणीत जायचो, तिथल्या विजेवर मशिन लावायचो आणि दहा मिनिटांत नाव टाकून आणायचो. लोक गोलाला टाळ्या वाजवत नसत तेवढ्या त्या नावाला वाजवत. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला लिहू?

कलम ४. आता कबुली. सन १९८७, फेब्रुवारी महिना, फायनल खापर विरुद्ध ब्राह्मणपुरी.

ब्राह्मणपुरीचा कप्तान बन्सीलाल, केळीवाला, माझा जिवाभावाचा दोस्त. आम्ही दोघं एका लुनावर बसून गावोगावचे सामने बघायला जायचो. त्याची बायको जसोदाबाई माझ्यासाठी वेगळी भाकरी बांधून द्यायची, कारण बन्सी वाटेतच दोघांची खायचा. खापरच्या गोलमध्ये उभा होता वीरसिंग वसावे, ज्याच्या पंज्यात बॉल लिंबासारखा दिसायचा.

त्या आठवड्यात वीज पाच वाजता जायची आणि नऊ वाजता यायची. सामना चारला सुरू झाला. हाफटाइमला खापर तीन, ब्राह्मणपुरी शून्य. मी घड्याळ बघितलं. पावणेपाच. सामना संपेपर्यंत वीज गेलेली असणार. छिन्नीने कोरावं तर वांग्यांच्या जागी पत्रा फाटणार. तीन गोल काही फिटत नाहीत, असं मनाशी म्हणालो, गिरणीत गेलो आणि 'खापर १९८७' कोरून कप धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवला. कोणाला दाखवला नाही.

दुसऱ्या हाफमध्ये बन्सीच्या अंगात आलं. एक, दोन, तीन. मी शिट्टी तोंडात धरून पळत होतो आणि डोळ्यांपुढे फक्त ते फडकं येत होतं. खोडायचं म्हटलं तर पत्र्याला भोक. राष्ट्रीय कपाला माझ्या हाताने भोक! शेवटच्या मिनिटाला कॉर्नरवरून बॉल आला, वीरसिंगसमोर माणसांची झोंबाझोंबी झाली, आणि बन्सीने चौथा गोल मारला.

मी ऑफसाइडची शिट्टी वाजवली.

तो ऑफसाइड नव्हता. कॉर्नरवरून आलेल्या बॉलला ऑफसाइड लागतच नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण पोरांना तो नियम धड माहीत नव्हता, आणि शिट्टी माझ्या तोंडात होती. बन्सी धावत माझ्यापुढे आला. त्याचे गुडघे फुटले होते. म्हणाला, "गफूरभाई, तुन्ही आईनी आन ले आनि सांग. मी पुढे व्हतू का?"

मी म्हणालो, "व्हता." एवढंच.

खापरला फ्री-किकही मारू न देता मी लगेच शेवटची शिट्टी वाजवली, आणि पेनल्टीवर खापर जिंकलं. कप बाहेर काढला, नाव तयार होतं, वीज तर कधीची गेली होती. मग हे नाव कोरलं कधी, असं एकानेही विचारलं नाही. मी अडतीस वर्षं त्या प्रश्नाची वाट बघतोय. शहाद्याच्या लोकांनी मला इतक्या स्वस्तात सोडायला नको होतं.

कलम ५. त्या दिवसापासून बन्सीलाल माझ्याशी बोललेला नाही. गाव त्याला रडका म्हणायला लागलं. चहाच्या टपरीवर तो आला की पोरं हात वर करून ऑफसाइडची खूण करायची. मी ते बघितलं आणि चहा पीत राहिलो. त्याच्या मुलीच्या, मोहिनीच्या, लग्नातली भांडी त्याने माझ्याकडे न आणता नंदुरबारला नेली. पंगतीत माझ्यापुढे त्यातलाच तांब्या आला. अक्षरं अशी, की कोंबडी चिखलातून चालून गेलेली. त्या नाव टाकणाऱ्याला मी या कलमान्वये माफ करतो. पण त्या तांब्यातलं पाणी मी प्यायलो नाही, आणि त्याचं कारण अक्षर नव्हतं. माझ्या दोस्ताच्या पोरीचं नाव माझ्या हातून सुटलं होतं. मला आयुष्यात एवढं वाईट कशाचंच वाटलेलं नाही.

कलम ६. स्पर्धा २००६ साली बंद पडली. पुढच्या फायनलसाठी माझ्याकडे जमा झालेला कप परत न्यायला कोणी आलं नाही. फत्तेसिंगभाऊ गेले, मंडळही गेलं. रजिया दर ईदला विचारते, "ये बैंगन का कप कब तक रखोगे?" तर असं करावं: महजबीनने १९८७ च्या ओळीखाली, हात हलका ठेवून, कोरावं: 'चौथा गोल बरोबर होता. ब्राह्मणपुरी.' आणि कप ब्राह्मणपुरीला द्यावा. कबुली बन्सीलालने माझ्या मयतीनंतर नव्हे, तर मी असताना वाचावी, म्हणून मी त्यालाच साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. वकील म्हणाले, ज्याच्या गावाला काही द्यायचं त्याला साक्षीदार करू नका, वाद होईल. मी म्हणालो, अडतीस वर्षं झाला नाही, तोच तर व्हायला हवाय.

माझी शिट्टी मी मृत्युपत्रात घालत नाही. तो आला तर हातातच देईन. नाही आला तर माझ्यासोबत पुरावी.

सही: शेख गफूर शेख चाँद

साक्षीदार क्रमांक १: बन्सीलाल, राहणार ब्राह्मणपुरी. सही करण्यापूर्वी सर्व वाचले. शेरा लिहायचा आहे, वकील नको म्हणतात, तरी लिहितो:

गफूरभाई, ऑफसाइड नव्हतं हाई खरं शे. पन बॉल मन्हा हातले लागना व्हता. तुले दिसनं नही. मी बी कोनले सांगं नही. म्हनीसन इतला वरीस मी तुन्हा दारशी उनू नही. राग व्हता, पन राग अर्धाच व्हता. अर्धी लाज व्हती.

पुरवणी, त्याच बैठकीत, माझ्याच अक्षरात: वरील शेरा वाचून मी छाती धरून वाकलो. वकिलांना वाटलं छातीत कळ आली. मी हसत होतो, आणि डोळ्यांना पाणीही होतं, ते का लपवू? म्हणजे मी खोटी शिट्टी वाजवली आणि निकाल बरोबर दिला. ब्राह्मणपुरीचा गोल नाही आणि खापरचा विजयही नाही; बॉल बन्सीच्या हाताला लागला म्हणजे तिथे खापरला फ्री-किक होती, आणि ती मी मारूच दिली नाही. सबब कलम ६ दुरुस्त करतो. महजबीनने कपावर तूर्त काहीही कोरू नये. दोन्ही गावांनी शहाद्याच्या मैदानावर तीन-तीनवरून, शेवटच्या मिनिटापासून, सामना पुढे चालू करावा. मी नसलो तर रेफ्री तौफिक, काळ्या शर्टात, पोट आत घेऊन. जो जिंकेल त्याचं नाव जुन्या ओळीखाली टाकावं, पण शेवटची शिट्टी वाजल्यावरच. वीज गेली तर दुसऱ्या दिवशी.

साक्षीदार क्रमांक २: वीरसिंग वसावे, राहणार खापर. मजकूर मान्य. फ्री-किक मी मारणार.

ठिकाण: माझं घर, भांडी गल्ली, शहादा. दिनांक ९ नोव्हेंबर २०२५, रविवार.

ताजा कलम: सह्या झाल्यावर बन्सीलालने चहा मागितला आणि माझ्या वाटणीचाही प्यायला. मी शिट्टी काढून त्याच्या हातात ठेवली. त्याने ती सदऱ्याला पुसली, उलटीसुलटी करून बघितली आणि परत माझ्याच खिशात घातली. म्हणाला, "आते नको. पहिले सुरतथून जित्ता ये. मंग भांडूत."