कोठीच्या खोलीची किल्ली

मी, अंजनाबाई लहानू रामटेके, वय एकसष्ट, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्सबाई, राहणार सावली, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे; हृदय तेवढे नाही. त्याचे ऑपरेशन नागपूरला व्हायचे आहे, आणि मी परत येणार आहे असा माझा पक्का बेत आहे. पण बेताचा काय भरवसा, म्हणून आधी लिहून ठेवते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणून पाहावा.

कलम १. हे घर माझ्या पगारातून बांधलेले आहे. समोरच्या दोन खोल्या, अंगण आणि वैनगंगेकडची धानाची बांधी माझा मुलगा गुलाब याला द्यावी. तो बल्लारपूरला कागद कारखान्यात नोकरीला आहे. पोरगा गुणाचा आहे. नागपूरहून रेकॉर्डिंगचा मिक्सर आणताना त्याने तो सबंध प्रवासात मांडीवर धरला होता, एकदाही खाली ठेवला नाही.

कलम २. मागची कोठीची खोली, जिथे आम्ही गाणी रेकॉर्ड करतो, ती आणि तिच्यातले दोन्ही कॅसेट डेक, माइक, मिक्सर व हेडफोन माझी मुलगी सत्यशीला हिला द्यावे. तिचे लग्न होवो किंवा न होवो, त्याचा खोलीशी संबंध नाही. गुलाब म्हणतो, "माय, पोरगी सासरी जाईन, मंग मशीन कोण पाहीन? खोली खताच्या दुकानाले देऊन टाकू." खत कुठेही विकता येते. असली खोली आसपास दुसरी नाही.

कलम ३. त्या खोलीच्या भिंतींना धानाची पोती छतापर्यंत लावलेली आहेत, ती केवळ साठवण म्हणून नव्हेत. पोती आवाज पितात. एका उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याने, म्हणजे लहानूने, चांगला भाव आला म्हणून सगळे धान विकले आणि त्याच आठवड्यात भजनी मंडळ रेकॉर्डिंगला आले. सगळे विहिरीत वाकून गायल्यासारखे वाजले. तेव्हा धान खुशाल विकावे, पण पोत्यांत कोंडा भरून ती पुन्हा जागच्या जागी रचावीत. खिडकीवरची वाकळ धुवावी, काढू नये.

कलम ४. सत्यशीलेला मी शिकवलेले येथे लिहून ठेवते, म्हणजे कोणी शहाणा येऊन तिला वेगळे सांगणार नाही. डेकचे हेड रोज स्पिरिटच्या कापसाने पुसावे, इंजेक्शनआधी दंड पुसतो तसे हलक्या हाताने. मीटरचा काटा लाल भागाला शिवला तर चालेल, तिथे मुक्काम करू नये. गाणाऱ्याचा आवाज मागे पडत असेल तर त्याचे बटण चढवण्याआधी बाकीच्यांची उतरवून पाहावीत. हे घरातही लागू पडते. गाणे जुळवून झाले की हेडफोन काढून ते शेजारच्या साध्या टेपवर ऐकावे. लोक त्यावरच ऐकणार आहेत. तिथे शब्द कळले नाहीत तर सगळी मेहनत पाण्यात.

कलम ५. दादाजीभाऊ हार्मोनियम उत्तम वाजवतात आणि दर वेळी पेटी माइकच्या पुढ्यात सरकवत आणतात. त्यांची जागा दाराजवळ आहे आणि माझ्या मागेही तीच राहील. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, म्हणजे त्यांना हे माहीत नव्हते असे होणार नाही.

कलम ६. शेजारचा लटारू चक्कीवाला नेमका अंतऱ्याला चक्की सुरू करतो. त्याला माझे गजराचे घड्याळ द्यावे. जेवणानंतर दुपारभर चक्की बंद ठेवायचे त्याने कबूल केले आहे. आता घड्याळ नाही ही सबब उरणार नाही.

कलम ७. हेमलकशाच्या पलीकडे लसीकरणाला जात असे तेव्हा मी तिथल्या आदिवासी बायकांची रेला गाणी टेप केली. त्या एकमेकींच्या कमरेत हात घालून गोल फिरत गातात. पहिल्यांदा मी माइक समोर धरला, तर एकेकीचा आवाज मोटारीसारखा जवळ आला आणि निघून गेला. मग एका म्हातारीने माझ्या हातातून माइक घेतला आणि गोलाच्या मधोमध मातीवर ठेवला. त्या कॅसेटी विकायच्या नाहीत. ज्या गावचा आवाज, त्या गावाला एकेक प्रत पोचवायची.

कलम ८. खोलीची किल्ली पाच वर्षे गुलाबकडे राहील आणि कोणाचे रेकॉर्डिंग घ्यायचे ते तो ठरवील. हे लिहिताना हात जड होतो. सत्यशीलेचा कान माझ्यापेक्षा तयार आहे, पण वडीलधारा माणूस चुकला तर तिच्या तोंडून शब्द निघत नाही. "थांबा, पुन्हा" म्हणता आले नाही तर मशीन कितीही भारी असो, खोलीचे धर्मशाळेत रूपांतर होते. मी सगळ्या तालुक्याला सुया टोचल्या आहेत, मला भीड नाही. गुलाबलाही नाही. तिला आहे, आणि तीच मला खाते.

येथवर लिहून झाले आणि दुपारी वारलूभाऊंची दंडार मंडळी आली. मला उठायची बंदी, म्हणून मी आतल्या खोलीत पडून ऐकत होते. उशाशी माझ्या दुसऱ्या साक्षीदार रुखमाबाई बसल्या होत्या. दंडार म्हणजे नाचतच गायचे लोकनाट्य; ते गाणारा माणूस पाय हलवल्याशिवाय गाऊच शकत नाही. गाणे सुरू झाले, आणि पायांतल्या घुंगरांखाली शब्द बुडाले. मी मनात म्हटले, झाले, सत्यशीला गप्प बसणार. तेवढ्यात डेकचे बटण खट्कन वाजले.

"वारलूभाऊ, थांबा. घुंगरूच आयकू येऊन राह्यले, गाणं नाई."

"अवो पोरी, मिशी फुटली तवापासून गाऊन राह्यलो. मले आजवर कोणी थांबवलं नाई!"

"म्हणूनच तुमचे शब्द कोणाले समजले नाई, भाऊ. घुंगरू सोडा अन् या धानाच्या तणसावर उभे राहा. मंग किती नाचाचं ते नाचा."

दादाजीभाऊंची पेटीसुद्धा बंद पडली. मी श्वास धरून पडले होते, जे डॉक्टरांनी करू नका म्हणून सांगितले आहे. मग घुंगरू सोडल्याचा आवाज आला. वारलूभाऊ पुन्हा गायले, आणि भिंतीआडूनही मला शब्द अन् शब्द कळला. मी रडले. रुखमाबाईंना वाटले, छातीत दुखते.

सबब कलम ८ मी माझ्या हाताने खोडून रद्द केले आहे. किल्ली आजपासूनच सत्यशीलेची. गुलाबने रागावू नये. त्याने तिला लागेल तेव्हा मदत करावी, विचारले तरच सल्ला द्यावा.

मंडळी चहाला बसली तेव्हा दादाजीभाऊ सहीसाठी माझ्याकडे आत आले, त्यांच्यामागून सत्यशीला. म्हणाली, "माय, बराबर केलं ना मी?"

मी म्हणाले, "मले कायले विचारतं? खोली तुयी हाये."

हे बोलणे खाली सही करणाऱ्या दोघांच्या समक्ष झालेले आहे, म्हणून ते कलमाइतकेच पक्के समजावे.

सही: अंजनाबाई लहानू रामटेके

साक्षीदार:
१. दादाजी सोमाजी गेडाम, राहणार सावली
२. रुखमाबाई मुखरू चौधरी, राहणार सावली

ठिकाण: सावली
दिनांक: ९ फेब्रुवारी १९८७