बाकावरची वही

११ ऑगस्ट, सोमवार
आज सरांनी हातात वही दिली. दोनशे पानी, नवी कोरी. म्हणाले, "तू बाकावरच असतीस, तर रिबाउंड लिहीत जा. टेबलावरचे लोक नुसते पॉइंट न् फाउल लिहितात." म्हणजे शॉट हुकला की रिंगवरून वापस आलेला बॉल कुणी धरला ते बघायचं आणि तिच्या नावापुढे काडी मारायची. कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये खेळायला घेतलं आणि कारकून करून टाकलं.

वर नियम. उंच पोरींनी मॅचला सात रि. आणायचेच. उंच पोरी दोनच, प्रणिता आणि मी. प्र. अख्खी मॅच खेळते. ती दमली की मी चार-पाच मिनिटं. तिलाही सात, मलाही सात. नाही आणले तर विभागीय स्पर्धेला नेणार नाहीत, कारण आम्ही बारा आहोत आणि क्रुझर गाडीत दहाच पोरी बसतात. टीम सर निवडत नाहीत, क्रुझर निवडते.

१४ ऑगस्ट, गुरुवार
रेल्वे कॉलनीच्या सिमेंट कोर्टवर प्रॅ. मॅच. बाकावर बसून मोजलं. पाच मिनिटांत चौदा शॉट हुकले. चार बॉल बाहेर गेले. राहिले दहा, आणि धरायला दहा जणी. म्हणजे एकीला एक. मी उंच आहे, ढकलाढकलीला भीत नाही, म्हणून दोन धरा. नशीब जोरावर असलं तर तीन. सात आणायचे तर बाकीच्या नऊ जणींनी तेवढा वेळ फुगडी खेळावी लागेल.

सरांना दाखवलं. वहीकडे बघितलंसुद्धा नाही. "एवढं गणित येतंय तर बोर्डात लाव की. मला बॉल पायजे." बारावीच्या चाचणीत मला गणितात किती पडले ते यांना पक्कं माहीत आहे, म्हणून सगळ्यांसमोर.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
पोळा. तरी प्रॅ. होतीच. कोर्टमागून वाजत-गाजत बैल गेले, झूल, गोंडे, शिंगांना रंग. बैलाचा वर्षातून एक दिवस तरी असतो. माझी आज साडेतीन मिनिटं.

२६ ऑगस्ट, मंगळवार
डोकं फिरलंय. सुचेल तसं लिहिते.

सेलूला मैत्रीची मॅच. सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. तिसऱ्या डावात प्र. दमली, मला आत टाकलं. चार मिनिटं. दोन रि. घेतले. दुसऱ्याच्या वेळी एकीचं कोपर लागून ओठ फुटला, पण बॉल सोडला नाही. बाकावर आले तर वही पाण्याच्या बाटल्यांखाली ओली होत पडलेली. पेनला टोपण. माझ्या नावापुढे काही नाही.

कारण उघड आहे. वही मी लिहिते. मी आत गेले की लिहिणारं कुणी नाही. जाताना शेजारच्या पोरीला सांगितलं होतं, तर म्हणे तिला कोणता मोजायचा न् कोणता नाही ते कळत नाही.

येताना गाडीत सरांनी वाचून दाखवलं. प्रणिता नऊ. मनीषा भोपळा.
मी म्हणाले, सर, माझे दोन होते, कुणी लिहिले नाहीत.
"वही कुणाकडं होती?"
"माझ्याकडं."
"मग?"
अख्खा डबा हसला. प्र. नाही हसली. मी मानवत रोड स्टेशन येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. ओठ ठणकतोय.

३० ऑगस्ट, शनिवार
पप्पांनी ओठाचं विचारलं, मग सगळं सांगितलं. पप्पा रेल्वेत कीमन आहेत. रोज आपल्या वाट्याचा रूळ चालत बघायचा, रूळ घट्ट धरणारी लोखंडी चावी ढिली दिसली की हातोड्यानं ठोकायची, डायरीत लिहायची आणि खाली सही करायची.

म्हणाले, "मी बी कैक दिवस शून्य लिहितो, मने. शून्याची काय लाज. चालून आलेलं असतंय ते. पण दिसलेली चावी लिहिली न्हाई तर मग सही कशाची केली?"

मला उपदेश नको होता. एकदा कॉलेजात येऊन सरांशी भांडा म्हणत होते मी. ते म्हणे मास्तराशी काय भांडायचं. आणि चहा पिऊन झोपले.

२ सप्टेंबर, मंगळवार
प्र.नं डब्यात धपाटे आणले होते, वर दही. माझा ओठ बघून मऊ मऊ मधले तुकडे मला काढून दिले. त्याचा आणखी राग आला. हिनं माझं काही वाकडं केलं असतं तर बरं झालं असतं, सरळ भांडता आलं असतं.

प्रॅ.त तिनं एक बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून धरला, दोन्ही हातांनी, लय भारी. मी काडी मारली नाही. पेन चालत होतं.

४ सप्टेंबर, गुरुवार
परभणीची टीम आपल्या कोर्टवर आली होती. प्र.चे रि. आठ. लिहिले चार.

मॅच झाल्यावर सरांनी वही मागितली, बोट ठेवलं आणि तिला उभं केलं. "उंटासारखी वाढलीस नुसती. रिंगखाली काय मोजायलीस, चांदण्या?" ती म्हणाली, सर, मी जास्त घेतलेत. सर म्हणाले, वही खोटी बोलायलीय का. तिनं माझ्याकडे बघितलं. मी बुटाच्या टोकाकडे.

मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. मला नऊ दिवस भोपळा म्हणून हाक मारतात, तेव्हा कुणाला वाटलं? चार मिनिटांत सात मागणाऱ्याला काही वाटत नाही तर मी कामून वाटून घेऊ?

५ सप्टेंबर, शुक्रवार
वाटलं. पण सकाळी वाटून काय उपयोग.

११ सप्टेंबर, गुरुवार
जिल्हास्तर, परभणी. फायनल जिंकलो. पोरी नाचत होत्या.

प्र.चे बरोब्बर सात झाले. बरोब्बर. मी मनात मोजत होते आणि हात दुसरंच लिहीत होता. लिहिले तीन. मला शेवटी पाच मिनिटं मिळाली, एक रि. मिळाला, नेमका आमच्या बाकासमोर. सरांनी तो डोळ्यांनी बघितला आणि स्वतः वही ओढून माझ्यापुढे काडी मारली. दहा वेळा म्हणाले, अशी पायजे पोरगी.

एक! सात नाही, एक. माझा चौदा ऑगस्टचा हिशोब बरोबर निघाला आणि मला तो कुणाला सांगावासा वाटला नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार
मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. ते झाल्यावर तिथेच मैदानात सरांनी विभागीयची नावं वाचली. क्रुझरच्या दहा जणींत मी आहे. नुसती दहांत नाही, पहिल्या पाचांत. प्र. पण येणार, पण बाकावर, कारण वहीत तिचे चार आणि तीन. वही आता तिच्याकडे.

हेच पाहिजे होतं ना मला? मग जिलेबी घशाखाली का उतरली नाही. सरांचाच राग येतोय. या माणसानं एकदा, फक्त एकदा वहीवरून मान वर करून अख्खी मॅच बघितली असती तर मला हे करताच आलं नसतं. बघितली नाही. आळशी माणूस.

आणि मी कोण? त्याच्याहून बरी नाही. त्यानं बघितलं नाही. मी बघून लिहिलं नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
प्र. वही घेऊन माझ्या जागेवर बसली. मी कोर्टवर जायला उठले तेव्हा तिनं हळूच विचारलं. ओरडून नाही, रागावूनही नाही, कुठली भाजी आणू विचारावं तसं.
"तुझं खरं लिहू का तुझ्यासारखं लिहू?"

माहीत आहे तिला. पहिल्या दिवसापासून माहीत असणार. आपण किती बॉल धरले हे खेळणाऱ्याला माहीतच असतं, मला माझे दोन माहीत होते तसं. मी पळत आत गेले आणि पहिलाच पास हातातून सोडला.

२४ सप्टेंबर, बुधवार
शेवटची प्रॅ. पूर्ण मॅच खेळले, पहिल्यांदाच. जीव तोडून. पाय भरून आलेत. रि. चार. पूर्ण मॅच खेळून चार! आणि ती सात-आठ-नऊ आणत होती, तीही न थांबता. हे बाकावरून कधी कळलं नव्हतं.

सरांनी वही बघितली. तीच ओळ. उंटासारखी वाढलीस नुसती. सात सांगितले होते. ऐकताना तोंडात आलं होतं सगळं, पण बाकीच्या पोरी उभ्या होत्या, आणि मग तोंडातच राहिलं.

नंतर मी वही उघडली. प्र.नं चारच्या चार लिहिलेत. पाचवा एक मी नुसता बोटानं आमच्या पोरीकडे ढकलला होता, तो मी स्वतः मोजलाही नव्हता. तोही बाजूला लिहिलाय, 'हात लागला' म्हणून. एक काडी कमी नाही.

फार राग आला. रडू येईल इतका. तिनं खोटं लिहिलं असतं तर फिटलं असतं ना. आता कसं फेडू? सरांना सांगितलं तर मी पाचातून जाते, क्रुझरमधूनही जाते, आणि सर आयुष्यभर सगळ्यांना सांगतील. नाही सांगितलं तर प्र. विभागीयला बाकावर बसून माझ्या काड्या मारणार. खऱ्या.

वहीच्या मागचं एक पान फाडून घरी आणलं. त्यावर दोनच ओळी लिहिल्या.
४ सप्टें. प्रणिता आठ.
११ सप्टें. प्रणिता सात.
पप्पांनी बघितलं. काय आहे विचारलं नाही. डायरी लिहून झाली की पेन खिशाला लावतात, आज माझ्यासमोर ठेवून गेले.

क्रुझर उद्या सकाळी सहाला कॉलेजच्या गेटवर. सर ड्रायव्हरशेजारी बसतात, त्यांच्या मागच्या सीटवर मी. पान घडी करून सॉक्समध्ये ठेवलंय. खाली सहीला जागा सोडली आहे. सही अजून केलेली नाही.