पाचशे बाराचा काटा

सर, आपल्या वर्गातले सगळे आता रोज सकाळी मोबाइलवर भेटतात. कुणाची मुलगी परदेशी गेली, कुणी निवृत्त झालं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं चहा निवायच्या आत कळतं. फुलं आणि सुविचार लय येतात, बातमी थोडी. परवा मीच लिहिलं की आपल्या सरांच्या पद्धतीनं दोन भागांत कळवा. काय काम करता, आणि काय जमत नाही. पहिल्या भागाला धडाधड उत्तरं आली. दुसऱ्या भागाला एकट्या वडूजहून आलं. माझ्या प्रॅक्टिकलच्या पार्टनरचं. "फळ्यावर सरळ रेघ ओढायला जमत नाही आता, खांदा धरतो." एवढंच होतं. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि कागद घेऊन बसलो. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षांच्या वर झाली, त्यामुळं उत्तराची घाई नाही.

ही दोन भागांची पद्धत तुमचीच. साताऱ्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आम्ही अकरा जण होतो. निरोपाच्या दिवशी बाकीच्या विभागांत भाषणं चालली होती, आणि तुम्ही आम्हाला लॅबमध्ये स्टुलांवर बसवून एवढंच सांगितलं की दर दिवाळीला एक पत्र टाकायचं. लग्न झालं, पोर झालं हे नाही लिहिलं तरी चालेल, ते कानावर येतंच. काय काम करता ते लिहा आणि त्यातलं काय जमत नाही ते लिहा. आम्ही हसलो होतो. आपलं न जमलेलं पोस्टात कोण घालतं? पण पत्रं आली. फलटणचा एक जण साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला. हंगामात झोप जमत नाही म्हणून त्यानं कळवलं. वर्गातली एकुलती एक मुलगी शिराळ्याला मास्तरीण झाली. तिनं लिहिलं होतं की सायन्सच्या कपाटाची किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला असते, आणि ते स्वतः रजेवर असतात. ते पत्र तुम्ही पुढं माझ्याकडनं चारदा वाचून घेतलंत.

मला तुम्ही काय जमत नाही हे कधी विचारलं नाही, कारण ते तुम्हाला पहिल्याच वर्षी कळलं होतं. सोनोमीटरचा प्रयोग. तार ताणायची, वर कागदाचा चिटोरा ठेवायचा, नादकाटा वाजवून पेटीवर टेकवायचा, आणि तारेची लांबी जुळली की चिटोरा उडून पडतो. काट्यावर पाचशे बारा असं कोरलेलं, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं. आम्हा पोरांचा हिशेब सोपा होता. उत्तर पाचशे बाराच येणार, मग उलटं गणित करून रीडिंगं भरायची. मी तसंच केलं. पाचशे अकरा पूर्णांक सहा, म्हणजे बनवल्यासारखंही वाटू नये. पार्टनर शेजारी बसून दोन तास चिटोरे उडवत होता. त्याचं आलं चारशे अठ्ठ्याण्णव. मी त्याला म्हटलं, गड्या, नापास व्हशील. तो म्हणाला, चिटोरा तिथंच पडतोय, मी काय करू? तुम्ही दोन्ही जर्नलं पाहिली, काटा उचलला आणि त्याच्या टोकाच्या आतल्या अंगाला लावलेला मेणाचा गोळा नखानं काढून टेबलावर ठेवला. सकाळीच लावून ठेवला होता तुम्ही. मेणानं सूर उतरतो. वर्गाला वाटलं आता मला ओरडा बसणार. तुम्ही जवळ येऊन हळूच म्हणालात, "वाजवलास तेव्हा तू मान तिरकी केलीस. तुझ्या कानाला सूर उतरलेला कळला होता. तरी हातानं पाचशे बारा लिहिलंस. ज्याला कळत नाही त्याचं मला काही नाही."

कळलं होतं, सर. खरंच कळलं होतं.

पुढं माझं शिक्षण बी.एस्सी.वर थांबलं. सांगलीला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कॉइल भरायला लागलो आणि पाच वर्षांत मार्केट यार्डाच्या मागं स्वतःचा गाळा घेतला. विहिरीवरच्या मोटारी येत. लोक सांगत, मोटार जळली. मी कान लावून सांगायचो, जळली न्हाई, बेअरिंग रडतंय. गिऱ्हाईक त्याच्यावरच वाढलं. उद्घाटनाला तुम्ही एसटीनं आलात आणि कॉलेजनं बाद केलेल्या सामानातला तोच काटा रुमालात गुंडाळून दिलात. म्हणालात, हातानं नाही तरी कानानं खातोयस, चांगलं आहे. माझ्या मनाला तो टोमणाही लागला आणि कौतुकही लागलं. काटा आजही गल्ल्यावर आहे. गिऱ्हाइकाला वाटतं त्यानं मोटार तपासतात.

मग काचबिंदूनं तुमचे डोळे गेले. पत्रं साठू लागली, न फोडलेली. घरी काकू वाचून दाखवायला बसायच्या, पण फिजिक्सचे शब्द आले की त्यांना हसू फुटायचं आणि तुम्हाला राग. शेवटी तुम्ही सगळ्यांना कळवलंत की पत्रं सांगलीला माझ्या पत्त्यावर टाका, मी एकदम घेऊन येईन. तेव्हापासून भाऊबीजेनंतरचा रविवार माझा. सकाळची गाडी, कराडला चहा, साताऱ्याला उतरून पोवई नाक्यावरून चालत तुमचं घर. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसलोय, काकू चकल्या तळतायत, तुम्ही खुर्चीत डोळे मिटून. मिटले काय, उघडे काय, पण ऐकताना तुम्ही ते मिटायचात. प्रत्येक पत्र संपलं की एकच विचारायचात, "आणि जमत काय नाही?" पार्टनरचं पत्र नेहमी शेवटी. तो बंगलोरला मोठ्या संस्थेत संशोधनाला गेला होता. तुमच्या हातून गेलेल्या सगळ्या पोरांतला तो एकच तिथवर पोचला होता. त्याचं पत्र सुरू झालं की काकूंना झारा खाली ठेवावा लागे, आवाज होतो म्हणून.

एका वर्षी त्याचं पत्र बंगलोरहून आलं नाही, वडूजहून आलं. गठ्ठ्यातनं काढून मी ते कराडच्या स्टँडवर चहा पिताना आधीच वाचलं. त्यानं लिहिलं होतं की चार वर्षांची रीडिंगं चुकीची निघाली. उपकरणाच्या मांडणीत त्याचीच चूक होती आणि ती दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आली नव्हती. गप्प बसला असता तर डॉक्टर होऊन बाहेर पडला असता. हा स्वतः जाऊन सांगून आला. मार्गदर्शक चिडले, शिष्यवृत्तीची मुदत संपली, पुन्हा सुरुवात करायला घरची स्थिती नव्हती. आता गावी शिकवण्या घेतो. खाली लिहिलं होतं, "हे सरांना जसंच्या तसं वाच. त्यांनी ये म्हटलं तर लगेच येईन. नाही म्हटलं तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

सर, मला वाईट वाटलं. पण त्याच्या आधी, चहाचा एक घोट उतरायला लागतो तेवढा वेळ, हलकं वाटलं. कायम पुढं असणारा गडी माझ्या रांगेत आला होता. मग त्या हलकं वाटण्याची लाज वाटली, आणि लाजेला मी दयेचं नाव दिलं. आंधळ्या माणसाचा एवढा एक आनंद, तो कशाला मोडा? घरी आल्यावर तो कागद हातात धरला आणि त्यावर नसलेलं वाचलं. काम चांगलं चाललंय, प्रबंध लिहायला घेतलाय. तुम्ही विचारलंत, "आणि जमत काय नाही?" मी म्हणालो, तिथलं जेवण, रोज सांबार-भात, भाकरीला जीव जातोय म्हणतो. काकू हसल्या. तुम्ही हसला नाहीत. "एवढंच?" म्हणालात. मी म्हटलं, एवढंच, सर.

त्यानं मला कळवायचं ते कळवलं होतं आणि आता तो उत्तराची वाट बघत होता. मी त्याला चार ओळी टाकल्या की सरांची तब्येत बरी नसते, बघू. दुसऱ्या वर्षी त्याचं पत्रच आलं नाही. रिकाम्या हातानं तुमच्यासमोर बसवेना, म्हणून गाडीतच ठरवून टाकलं आणि उंबऱ्यावरनंच सांगितलं की पार्टनरला पदवी मिळाली. काकूंनी लगेच राजवाड्यावरच्या दुकानातनं कंदी पेढे मागवले, आळीत वाटले, देवापुढं ठेवले. एक तुमच्या हातात दिला. तुम्ही तो खाल्ला नाही. बोटांत फिरवत राहिलात आणि खूप वेळानं, काकू शेजारी पेढा द्यायला गेल्यावर, म्हणालात, "पाचशे बारा."

बस्स. मला ऐकू आलं. पुढं तुम्ही आणखी एक वाक्य बोललात, ते शेवटी लिहितो.

चैत्रात तुम्ही गेलात. तेराव्याला पार्टनर आला. वडूजच्या गाडीतनं उतरलेला, पांढरा सदरा, हातात पिशवी. मी त्याला बाजूला घ्यायच्या आत काकू पुढं झाल्या आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "डॉक्टर झालास हो. मी पेढे वाटले आळीत. शेवटपर्यंत यांच्या तोंडात तुझंच नाव होतं." तो माझ्याकडं बघायला लागला. सर, सबंध वर्गात ज्याला एक खोटं रीडिंग लिहिता आलं नाही, ज्यानं त्यापायी चार वर्षं पाण्यात घातली, तो त्या दिवशी खाली वाकला, काकूंच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "व्हय काकू." ते त्यानं काकूंसाठी केलं, आणि करायला मी लावलं.

परत जाताना आम्ही पोवई नाक्यापर्यंत चालत गेलो. अर्ध्या वाटेवर त्यानं विचारलं, "माझं पत्र वाचलंस का न्हाई सरांना?"

"न्हाई."

त्यानं पिशवी या हातातनं त्या हातात घेतली. "दीड वरीस मला वाटत हुतं, सरांनी ऐकलं आणि बोलावलं न्हाई." मग म्हणाला, "बरं झालं, सांगितलंस ते." त्याची गाडी लागली होती. खिडकीतनं हात बाहेर काढून त्यानं माझ्या खांद्यावर ठेवला. मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. त्या हाताची तयारी नव्हती.

त्यानंतर आम्ही बोलतो, भेटतो. त्याच्या शिकवणीतली पोरं कुठं कुठं गेली, तो सांगतो. एकानं त्याला विचारलं होतं, सर, तुम्ही बंगलोर का सोडलं? त्यानं पोराला काटा आणि मेण आणून प्रयोगच करून दाखवला. हे ऐकलं तेव्हा मला समजलं की ती बातमी मी वाईट म्हणून दडवली, आणि तुम्ही आयुष्यभर शिकवून ज्याची वाट बघत होता ती नेमकी तीच बातमी होती. लावलेलं मेण एकाला तरी पुरतं कळलं, हे तुम्हाला कळायला हवं होतं.

माझा पहिला भाग हा असा. गाळा आता मुलगी बघते, मी बसून ऐकतो. कान अजून शाबूत आहेत.

आता दुसरा भाग. पेढा बोटांत फिरवत तुम्ही म्हणाला होता, "त्याला लिही, एकदा येऊन जा म्हणावं. काही घेऊन नको, नुसताच ये." मी हो म्हणालो. तो आला असता तर दाराशीच माझं खोटं उघडं पडलं असतं, म्हणून कार्ड टाकलं नाही. पोवई नाक्यावर त्याला पत्राचं सांगितलं, हे सांगितलं नाही. त्याला अजून वाटतं की तुम्ही एका खोट्या डॉक्टरवर खूश होऊन गेलात. तुम्हाला सगळं ऐकू आलं होतं आणि तरी तुम्ही त्याला बोलावलं होतं, हे त्याला माहीत नाही.

लिहिलं तुम्हाला, पण हे पत्र पोचायला हवं वडूजला. पाकिटावर पत्ता त्याचाच घातलाय. तिकीट लावायला जमत नाही.