इंजिन फक्त थंड आहे

३ मार्च
दादा १९ तारखेला मुलाकडे राहायला जातोय. कायमचा. तिथे समुद्र नाही, साधं तळंसुद्धा नाही. आज फोनवर म्हणाला, धाकट्या, जायच्या आधी आपल्या बोटीतून खाडीत एक चक्कर होऊ दे. बोट आम्ही दोघांनी मिळून घेतलेली. इंजिनाकडे तोच बघायचा; त्याचे गुडघे गेल्यापासून मी बघतो. म्हणजे लांबून. शब्द देऊन टाकला: रविवार १६, सकाळी. इंजिन सुरू होताना जरा कुरकुरतं, पण हातात तेरा दिवस आहेत. चैन आहे.

५ मार्च
धक्क्यावर गेलो. तीस-चाळीस वेळा सेल्फ मारला. इंजिन नुसतं खोकलं. निदान: थंडी. माणूस तरी सकाळी हाकेसरशी कुठे उठतो?

६ मार्च, दुपारी १२
भर उन्हात गेलो. तरी थंडच. बॅटरी नवी टाकली. सेल्फ आता दणदणीत फिरतो. इंजिन सुरू होत नाही. पण प्रगती आहे.

८ मार्च
धक्क्यावरचा डिझेल मिस्त्री डोकावला. विचारलं नव्हतं तरी सांगू लागला: डिझेलच्या फिल्टरपाशी एअर घेतंय, हवा आत शिरतेय, वॉशर बदला. आणि एवढा सेल्फ मारायचा तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवा साहेब, इंजिन चालू नसलं की ते पाणी बाहेर फेकलं जात नाही, उलटं इंजिनात शिरतं. बघतो म्हटलं. ऑफिसातलं झेरॉक्स मशीन अठरा वर्षं मी एकट्याने सांभाळलं, मला वॉशर शिकवतोय! शिवाय तो कॉक फळीखाली आहे. फार वाकावं लागतं.

१० मार्च
फिल्टर बदलला. (मिस्त्री म्हणाला म्हणून नव्हे. मला आधीच सुचलं होतं.) सोबत नवा वॉशर आला होता, पण जुना चांगला दिसला, तोच परत बसवला. एअर काढली आणि इंजिन सुरू झालं! चार मिनिटं. मग बंद. बायको म्हणाली, अहो, मिस्त्रीला बोलवा की सरळ. तिला समजावलं, आजार गेलाय, आता अशक्तपणा तेवढा उरलाय.

१३ मार्च
कंबर धरली. गेलो नाही. मनाने मात्र दिवसभर इंजिनातच होतो.

१५ मार्च
दोनदा सुरू, दोनदा बंद. म्हणजे सुरू होण्याचा प्रश्न सुटला. बंद होण्याचं उद्या बघू. बायको विचारते, आणि नाहीच झालं तर? शेजारच्या बोटवाल्याला सांगून ठेवू का? सक्त मनाई केली. माझी बोट असताना दादाला दुसऱ्याच्या बोटीत बसवायचं म्हणजे काय अब्रू राहिली?

१६ मार्च, रविवार
८.००. दादा आला. इस्त्रीचा शर्ट, टोपी, वहिनीने दिलेला थर्मास. मी आणि धक्क्यावरच्या एकाने धरून बोटीत उतरवला.
८.३०. सेल्फ.
९.१०. सेल्फ. दादा म्हणाला, अरे, पाण्याचा कॉक… मी म्हटलं, तू फक्त बस रे, आज तू पाहुणा.
१०.१५. शेजारचा बोटवाला मासे उतरवून मोकळा झाला. म्हणाला, चला दादा, मी आणतो फिरवून, पाऊण तासाचं तर काम. दादा अर्धवट उठलाही. मी म्हटलं, पाच मिनिटं थांब, होतंच आलंय. दादा बसला.
१०.५०. बोटवाल्याने पुन्हा विचारलं. दादाच्या वतीने मीच नको म्हटलं.
११.२०. सेल्फ मारला. ठण्ण! फिरणंच बंद.
तोवर ओहोटीने पाणी उतरलं होतं. सगळ्या बोटी गाळात टेकल्या. आता कुणाचीच निघणार नव्हती. दादाने थर्मासमधला चहा दोघांत वाटून घेतला. म्हणाला, इथूनही छान दिसतं रे.
समोर धक्क्याची भिंत होती.

१७ मार्च
मिस्त्रीला बोलावलं. केवळ सल्ल्यासाठी. त्याने इंजेक्टर काढले, सिलिंडरमधून पाणी आलं. बोटाला लावून चाखलं. खारट. इंजिन पूर्ण उघडावं लागेल, तीन आठवडे. मी विचारलं, परवापर्यंत नाही का जमणार? त्याने फिल्टरमधून काढलेला चीर गेलेला वॉशर तेवढा माझ्या हातावर ठेवला.

१९ मार्च
दादा गेला. गाडीत बसताना म्हणाला, धाकट्या, इंजिन चालू झालं की फोन कर, आवाज ऐकव. हो म्हटलं.

घरी येताना बायको म्हणाली, दादांना पाणी बघायचं होतं हो. कुणाच्याही बोटीतून गेले असते.

कारण लिहायला वही उघडली. एकही सुचेना. तो उठला होता. मी बसवला त्याला.

संध्याकाळी मिस्त्रीचा फोन. सुटे भाग मिळत नाहीत, आणखी दहा-बारा दिवस जातील, चालेल का साहेब?
चालेल म्हटलं. सावकाश करा.