पाठीवरच्या बत्तीस गुंड्या

दि. ४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कादंबरीचं बाड परवा पोचलं. कपड्यांच्या चुका तेवढ्या काढ, बाकी नाक खुपसू नकोस, असं तू बजावलं होतंस, म्हणून शिवणकाम करणारी बाई म्हणूनच लिहिते. शंभर वर्षांपूर्वीचे उमराव, झुंबरं, घोडागाड्या, सगळं झकास आहे. पण तुझी नायिका एकवीस वेळा रडते आणि दरवेळी रेशमी झग्यावर. रेशमावर पाण्याचा डाग पडला की जात नाही. दहाव्या प्रकरणापर्यंत तिच्याकडे घालायला काही उरणार नाही. तुझा नायक ड्यूक जुगाराचा डाव अर्ध्यावर टाकून प्रभूला शरण जातो नि दोघं गुडघे टेकतात, तेही ठीक. मात्र कमरेभोवती तेवढ्या आवळलेल्या कॉर्सेटमध्ये गुडघे टेकता येतात, उठता येत नाही. त्यांना तिथंच राहू दे, म्हणजे पुढं पाप घडायची भीती नाही.

खरी पंचाईत नवव्या प्रकरणात आहे. मेजवानीआधी ती दार लावून एकटीच झगा चढवते आणि प्रार्थना करते. ताई, त्या झग्याला पाठीवर बत्तीस गुंड्या आहेत, आकडा तुझाच. त्या लावल्या कुणी? आपल्या आईनं बावीस वर्षं मोठ्या घरच्या बाईसाहेबांच्या गुंड्या लावल्या. हे तू विसरावंस?

आई रोज विचारते, प्रकाशन-समारंभाला कधी निघायचं. जुना कोट उसवून तिनं माझ्याकडून नव्यानं शिवून घेतलाय. गाडीची वेळ कळव.

लोभ आहे तेवढा राहू दे, कमी झाला तर या पत्राचा दोष.

तुझी धाकटी


दि. १२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

प्रभू तुझ्या जिभेला क्षमा करो. नायिकेचा आत्मा देवासमोर उघडा होत असताना गुंड्या मोजणारी वाचक जगात तू एकटीच असशील. एकांतात मोलकरीण आणली की सगळं पावित्र्य गेलं. हे मी आमच्या पाळकसाहेबांना, तुझ्या भावोजींना, वाचून दाखवलं, त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी गुंड्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

प्रकाशक मलपृष्ठावर ‘लेखिकेचं बालपण एका उमरावी घरात गेलं’ असं छापणार आहेत. यात खोटं काही नाही, गेलंच आहे.

आता आईचं. एवढा लांबचा प्रवास आणि तिचा तो खोकला. शिवाय ती बोलते फार. चर्चच्या सभागृहात बिशपसाहेबांच्या पत्नीशेजारी बसून काय सांगेल याचा नेम नाही. तिला गोडीगुलाबीनं समजाव. पुस्तक मी पाठवीनच.

माझा समारंभाचा झगा वेळेवर येऊ दे. निळं रेशीम, साधा, पण उठून दिसणारा. माझी नम्रता लांबूनही दिसली पाहिजे.

रोजच्या प्रार्थनेत तुझं नाव असतंच, या आठवड्यात दोनदा घेते आहे.

तुझी ताई


दि. २० फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बालपण उमरावी घरात गेलं हे शंभर टक्के खरं. स्वयंपाकघरामागच्या खोलीत गेलं. एका भिंतीला कोळशाची पोती, दुसऱ्या भिंतीला आपण तिघी. आणि ये-जा मागच्या दारानं. एवढंही छापायला सांग, मलपृष्ठावर जागा भरपूर असते.

तुझी कादंबरी मी आईला वाचून दाखवते आहे. दर प्रकरणाला ती विचारते, आणि या घरात कामाला कोण आहे गं? मी म्हणते, पुढं येईल. आता तीनच प्रकरणं उरली आहेत. तुझ्या पुस्तकात देव पानोपानी आहे ताई, आई एकाही पानावर नाही. याचा मला राग आला आहे, आणि तो गमतीत लिहिलाय म्हणून खोटा समजू नकोस.

येऊ नकोस असं मी तिला सांगणार नाही. एवढी मोठी लेखिका झालीस, तुझ्या अक्षरात तूच लिही.

झगा सोबत पाठवला आहे. गुंड्या पाठीवर लावल्या आहेत, मोजून बत्तीस. तुझ्या नायिकेला एकटीला जमतं, तर तुलाही जमेल. नाहीच जमलं तर प्रार्थना करून बघ.

लोभ तूर्त उसवलेला आहे, टाका तुझ्याकडून यावा.

धाकटी


दि. २३ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, समजून घे. तुझं पुस्तक ऐकलं. छान आहे. माणसं फार प्रार्थना करतात. मी त्या घरात बावीस वर्षं होते. बाईसाहेबांच्या तोंडून देवाचं नाव एकदाच ऐकलं, माझ्या हातून त्यांना सुई टोचली तेव्हा.

प्रार्थना मी करायचे. गुंड्या लावताना बोलायची परवानगी नव्हती, म्हणून मनातल्या मनात. खालच्या सोळा तुझ्यासाठी, वरच्या सोळा धाकटीसाठी. कमरेपाशी गुंडी लवकर काजात जात नाही, तिथं वेळ जास्त मिळायचा. तुझ्या परीक्षांचं सगळं मी तिथं मागून घेतलं.

धाकटीनं मला काही सांगितलं नाही. तिच्या शिवणाच्या पेटीत दोरा शोधताना तुझं पत्र हाती लागलं. मी येत नाही, काळजी करू नकोस. मला राग नाही. मागं थांबायची सवय आहे मला. कोट धाकटीच्या शिवणाच्या दुकानात टांगला आहे, कुणा गिऱ्हाइकाला बसला तर देऊन टाकू.

त्या ड्यूकच्या घरी कामाला कुणीतरी ठेव. एवढं मोठं घर, झुंबरं कोण पुसणार?

तब्येतीला जप.

तुझी आई


दि. १ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

झगा घातला. हात मागं नेऊन चार गुंड्या लागल्या. पाळकसाहेबांना सांगितलं, तर त्यांनी दोन तोडल्या. त्यांची बोटं आशीर्वाद द्यायलाच बरी. मग पाठ तशीच उघडी टाकून जमिनीवर बसले आणि तुझं पत्र परत वाचलं. मला माझी लाज वाटली, आई. खूप रडले. रेशमावर डाग पडलाय, धाकटीला सांगू नकोस, वर्षभर ऐकवेल.

नववं प्रकरण फाडून नव्यानं लिहिलं. आता नायिका नुसती उभी राहते आणि घाई कर म्हणते. प्रार्थना दासी करते. प्रकाशक कुरकुरताहेत की उमरावी वातावरणाला बाध येतो. मलपृष्ठावर ‘लेखिकेची आई त्या घरात मोलकरीण होती’ असं छापायला मी त्यांना सांगितलं आहे, नाहीतर बाड परत करा म्हटलं.

बिशपसाहेबांच्या पत्नीशेजारची खुर्ची तुझी. जे आठवेल ते सगळं सांग, सुईसकट. कोट कुणाला देऊ नकोस, घालून ये. समारंभ आता नव्या छपाईसाठी महिनाअखेरच्या शनिवारी चारला आहे, पण तुम्ही दोघी सकाळच्या गाडीनंच या. सुई-दोरा आण, त्या दोन तुटलेल्या गुंड्या मी जपून ठेवल्या आहेत. आणि पुढच्या दारानं ये.

मी झगा तसाच उघडा ठेवून थांबेन, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. वरच्या सोळा धाकटीच्या आहेत हे ठाऊक आहे. तिला विचारून घे, पण यावेळी बत्तीसच्या बत्तीस मला हव्या आहेत.

तुझी थोरली