मासळीच्या रांगेतल्या सह्या

हार्लन्स फेरी, पेनसिल्व्हेनिया
बुधवार, २५ मार्च

प्रिय रोझान,

तीन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या बहिणीला पोस्टानं पत्र पाठवायचं म्हणजे वेडेपणाच. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि समोर आलीस की मीच विषय बदलते. आम्ही नवरा-बायको बरे आहोत. माझा गुडघा जिना दिसला की कुरकुरतो. परवा पुन्हा बर्फ पडला, तेव्हापासून फ्रँकनं फावडं दाराशीच ठेवलंय. बटाट्याचं सारण भरलेले पिरोगी करून ठेवलेत, येता-जाता घेऊन जा.

शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या सभेत मी तुझी ओळख करून द्यावी, हा तुझा निरोप मिळाला. "वांडानंच मला राजकारणाची बाराखडी शिकवली," असं तू सगळ्यांना सांगतेस म्हणे. हे ऐकून फ्रँकला भरून आलं. मी भांडी घासत राहिले.

जानेवारीत तू म्हणालीस की आमदार हॅलोरनविरुद्ध पक्षाची उमेदवारी मागतेय, तेव्हा मी तुला मिठी मारली आणि मनात म्हटलं, चार दिवसांचं खूळ. चौदा वर्षांपूर्वी मीही ह्याच माणसाविरुद्ध उभी राहिले होते. तू आज बोलतेस तेच मी तेव्हा बोलत होते. मजुरी वाढवा, घरभाडी आवरा, इस्पितळातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद करू नका. माझ्या स्वयंपाकघरातल्या सभेला अकरा माणसं आली होती, त्यातली चार घरचीच. कॉफी तू वाटत होतीस.

आता तो वॉर्ड खरोखर बंद झालाय, आणि तू तोंड उघडलंस की लोक डोळे पुसतात. नर्सा, बसचे ड्रायव्हर, कॉलेजची पोरं, सगळे थंडीत दारोदार फिरतात, तेही फुकट. मिसेस ऑर्लोस्कीनं तेव्हा माझ्या तोंडावर दार लावलं होतं, आज तिच्या अंगणात तुझ्या नावाच्या दोन पाट्या आहेत. एक पुरली नसती का तिला? मी फिरायला जायचा रस्ता बदललाय. मागून आली नि तिखट झाली, असं मी कितीदा पुटपुटले असेन. कॉफी वाटणारी माझी धाकटी बहीण!

गेल्या गुरुवारी कोर्टानं तुझं नाव मतपत्रिकेवरून काढलं. नाव यायला मतदारसंघातल्या तीनशे मतदारांच्या सह्या लागतात, तेवीस कमी पडल्या. हॅलोरनच्या वकिलानं तुझ्यासाठी सह्या जमवणाऱ्या बडच्या कागदांवरची निम्मी नावं खोडायला लावली, कारण ती माणसं आपल्या मतदारसंघातली नव्हतीच. तेव्हापासून बिचारा बड तोंड लपवून बसलाय. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, आणि रुळापलीकडे कोण राहतं हे मला कळू नये, म्हणतो. काल तो बाजारात भेटला. मला बघून रडला.

रोझान, ती चूक त्याची नाही.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी, ईस्टरआधीच्या मांस वर्ज्य असलेल्या उपासाच्या दिवसांत, चर्चच्या तळघरात तळलेल्या मासळीसाठी जिन्यापर्यंत रांग लागली होती. मी कोबीची कोशिंबीर वाढत होते. बड फळीला कागद लावून रांगेतून सह्या घेत होता. माझ्यापाशी आल्यावर त्यानं हळूच विचारलं, "वांडा, हे सगळे आपल्याच हद्दीतले ना?"

मी म्हटलं, "लहानपणापासून ओळखते मी ह्यांना."

हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तो खूश होऊन पुढे गेला. निम्मी रांग रुळापलीकडची होती. चर्च एक असलं तरी हद्द रुळावरून जाते, हे ह्या गावात माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. कारण माझं नावही असंच गेलं होतं, ह्याच तळघरात, ह्याच रांगेत घेतलेल्या सह्यांमुळे. तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं की हॅलोरनच्या वकिलानं डाव साधला. लाज वाटली म्हणून खोटं बोलले. तेव्हा खरं सांगितलं असतं, तर तू ही चूक होऊच दिली नसतीस.

ठरवून काही केलं नाही, असं मी स्वतःला तीन आठवडे समजावतेय. ते खरं नाही. सह्यांची मुदत संपेपर्यंतचे सगळे दिवस माझ्या हातात होते. एक फोन केला असता तर तुमच्या लोकांनी एका दुपारी पन्नास सह्या आणल्या असत्या. मी फोनजवळून जात होते, आणि करत नव्हते. कुणीतरी माझ्याइतकंच हरावं, एवढंच हवं होतं मला.

तेही झालं नाही. माझं नाव गेलं त्या संध्याकाळी एकही माणूस आलं नव्हतं. तुझं गेलं आणि दोनशे माणसं तुझ्या दाराशी जमली. नाव छापलं नाही तर मतपत्रिकेवर आम्ही ते हातानं लिहू, म्हणाली. मी कोपऱ्यावर गाडीत बसून पाहत होते. तू हरल्यावरसुद्धा मला तुझा हेवा वाटला. ह्याला काय म्हणायचं ते तूच ठरव.

बडला मी उद्या सकाळी स्वतः सांगणार आहे. तू मला अडवू नकोस, आणि माफही घाईनं करू नकोस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

शनिवारी मी येईन. व्यासपीठाजवळ नाही, मागे दाराशी उभी राहीन, कोट न काढता. हे सगळं वाचूनही तू माझं नाव पुकारलंस, तर पुढे येईन आणि तुझ्याबद्दल जे खरं आहे ते बोलेन. नाही पुकारलंस, तर मुकाट्यानं घरी जाईन. फक्त एक आधीच सांगून ठेवते. पुकारलंस तर लोक टाळ्या वाजवतील, आणि त्या माझ्यासाठी असाव्यात असं मला तेव्हाही वाटेल.

तुझीच म्हणवायचा हक्क राहिला असेल तर तुझीच,
वांडा