पहिला दिवा कोणी लावायचा

२२ डिसेंबर, दुपार

प्रिय वहिनी,

इतकी वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल रागाव, पण पत्र पुरतं वाच. दादा आईला भेटायला एकटाच येतो. तुझी खुशाली विचारली की ‘बरी आहे’ म्हणतो, आणि पुढे विचारायचा मला धीर होत नाही. आज दुकानात गिऱ्हाईक नाही, चष्म्यांच्या फ्रेमी पुसून झाल्या, म्हणून लिहायला बसले. नाही, हे खरं नाही. काल संध्याकाळपासून तुलाच लिहायचं मनात आहे.

काल वर्षातला सगळ्यात लहान दिवस. आमच्या घरची रीत तू पाहिलीस: ऊन कललं की प्रत्येक खोलीत दिवा, अगदी न्हाणीघरातसुद्धा. रात्रीला पाय ठेवायला जागा द्यायची नाही, असं आई म्हणते. समोरच्यांच्या दारावर हिरवी फांदी असते, वरच्या मजल्यावर खिडकीत मेणबत्ती. ज्याची त्याची तऱ्हा. तुझ्या माहेरी मात्र सगळे दिवे मालवून अंधारात एकत्र बसायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तू हौसेने घरभर बटणं बंद करत आलीस, तेव्हा आई ओट्यापाशी उकळतं दूध उतरवत होती. दूध सांडलं, त्याहून जास्त शब्द सांडले. ‘माझ्या घरात अंधार करायला आलीस का गं?’ तू काही सांगू पाहत होतीस. आईने सांगू दिलं नाही. थंडी सरायच्या आत तुम्ही वेगळं बिऱ्हाड केलंत. ते वाक्य तुझ्याइतकंच तिलाही टोचत राहिलं असावं. पण सासूने आधी बोलायचं म्हणजे मान खाली जाते ना!

काल मी घरी पोचले तर सगळ्या खिडक्या काळ्या. जिन्यात खालचे काका टेस्टर घेऊन उभे. ‘फ्यूज उडालाय की म्हातारी रुसलीय?’ आत आई शाल पांघरून ताठ बसलेली. मी बटणाकडे हात नेला तशी म्हणाली, ‘राहू दे. बस.’ बसलो. काकाही बसले, टेस्टरसकट. तिचा श्वास इतका जड झालाय, हे मला त्या अंधारातच कळलं. तिने विचारलं, ‘मग पहिला दिवा कोणी लावायचा असतो? थोरल्याने की धाकट्याने?’ मला कुठे माहीत? शेवटी काकांनी खाकरत बटण दाबलं. लख्ख उजेडात आई डोळे किलकिले करत म्हणाली, ‘असं बटण दाबून नसेल गं ते.’

पहिला दिवा कोणी नि कसा लावायचा, हेच तू त्या वर्षी सांगणार होतीस का? तेवढं विचारायलाच हे पत्र. उत्तर लिहू नकोस, इथे येऊन सांग. दिवस तर उलटून गेला, असं मी म्हणाले. तर आई म्हणते, रात्र काय एका दिवसात लहान होते? रविवारी दादाबरोबर ये. तू सांगेपर्यंत कोणी बटणाला हात लावणार नाही, काकासुद्धा.

तुझीच,
नणंद

ता. क. उद्या काडेपेटी आणून ठेवते.